चुडी गेली

पनवेलच्या उड्डाणपुलाखाली सिग्नलला रिक्षा थांबली आणि शेजारी एक मोटरसायकल येऊन उभी राहिली. काळी, चकचकीत, टाकीवर वाघाचं चित्र. पोरगा विशीतला, कानात ती पांढरी बटणं. त्याची गाडी नीट गुरगुरत नव्हती, मधूनच फट्, फट्फट् करत होती. माझ्याच्यानं राहवलं नाही. रिक्षातून वाकून म्हटलं, "अरे, एग्झॉस्टचा स्टड ढिला झालाय तुझा. आजच बघून घे, नाहीतर हेडातले आटे जातील." त्यानं एक बटण काढलं. "काय, आंटी?" मी पुन्हा सांगितलं. तो माझ्या सुती साडीकडे आणि मांडीवरच्या लाडवांच्या डब्याकडे बघत राहिला, तेवढ्यात सिग्नल सुटला.

रिक्षावाला आरशातून हसत म्हणाला, "मॅडम, गॅरेज हाय काय तुमचं?"

"भावाचं होतं," मी म्हटलं. ते भलतंच वाटलं, म्हणून घाईनं जोडलं, "भाऊ आहे. गॅरेज नाही राहिलं."

उलव्याला दादाकडेच निघाले होते. वाटेत गॅरेजची जागा लागते, तिथं रिक्षा हळू घ्यायला लावली. आता तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, वर कोचिंग क्लास, त्याच्यावर दाताचा दवाखाना. तेव्हा पत्र्याची एक लांबट शेड होती, जुन्या हायवेला लागून. त्याआधी त्या शेडीत बैलगाड्यांची चाकं बनत. दादा ज्यांच्या हाताखाली शिकला त्या उस्तादांनी जागा घेतली तोवर चाकं गेली होती, पण बाभळीच्या लाकडाचा वास काही गेला नव्हता. हवा दमट झाली की तो पत्र्याखालून खाली उतरायचा आणि ग्रीसमध्ये, पेट्रोलमध्ये, चहाच्या उकळीत मिसळून जायचा. लोक अत्तरं घेतात. मला कुणी विचारलं, तर मी तो वास मागेन.

तेव्हाचं पनवेल कानांनीच ओळखायचं. दुपारी भाताच्या गिरण्या धडधडत आणि त्यांचा कोंडा उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. तळ्याच्या पायऱ्यांवर धुणं आपटलेलं आधी दिसे आणि आवाज मग ऐकू येई, इतकं ते पाणी रुंद होतं. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की ओठांवर मीठ यायचं. आई म्हणायची, आज आमटीत मीठ कमी घालते, वाऱ्यानं घातलंय. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. पलीकडे नव्या मुंबईच्या इमारती उगवतायत असं सगळे म्हणत, पण आमच्या गच्चीवरून अजून मिठाचे पांढरे ढीगच दिसत.

दादा उस्तादांकडे काम करायचा. हे वाक्य आज मी सहज लिहिलं. तेव्हा आमच्या घरात ते कुणी उच्चारत नसे. आप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, अक्षर मोत्यासारखं, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांच्या थोरल्या मुलानं डिप्लोमा अर्धवट टाकून हातात पाना घेतला, हे त्यांना चार वर्षांत पचलं नव्हतं. ओरडले नाहीत कधी. फक्त गॅरेजवरून जाणारा रस्ता त्यांनी सोडला आणि कचेरीत जायला तळ्याला वळसा घालून लांबचा धरला. माझं लग्न ठरताना वराकडच्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर म्हणाले, "मुंबईला कंपनीत आहे." दादा तेव्हा आत माजघरात बसला होता. त्यानं ते ऐकलं आणि तो मागच्या दारानं बाहेर गेला.

मी मात्र चोरून गॅरेजवर जात असे. कॉलेजातून येताना दादाचा डबा घेऊन जायचं हे निमित्त. खरं म्हणजे मला ते काम बघायला आवडायचं. उस्ताद बारीक अंगाचे, दाढी पांढरी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. इंजिनाच्या डोक्यातून धूर बाहेर नेणारा पाइप दोन छोट्या आटेदार खिळ्यांवर नटांनी बसवलेला असतो, त्यांना स्टड म्हणतात. गाडीच्या हादऱ्यानं ते सैल होतात. मग कुणी दीडशहाणा ताकद लावून पिळतो आणि आतले आटेच निघून येतात. असल्या गाड्या आठवड्याला दोन तरी येत. उस्ताद म्हणायचे, "पहले उंगली से. पाना बाद में. उंगली को सब मालूम पडता है, बेटा." पहिल्या तीन आट्यांना जो पाना लावील तो त्यांच्याकडे टिकत नसे. आणि गरम इंजिनाला हात लावायचा नाही, ते थंड होईपर्यंत चहा प्यायचा. काम झाल्यावर गाडी एकदा तापून पुन्हा गार झाली, की नट परत तपासायचे. दादा हे सगळं देवपूजेसारखं करायचा.

आपण ज्यांना आटे म्हणतो त्यांना उस्ताद चुडी म्हणत. चुडी घिसली, चुडी चढेना, चुडी गेली. दादाच्याही तोंडी तेच बसलं होतं. घरी तो कामाचं अक्षर काढत नसल्यामुळे हा शब्द आमच्या उंबरठ्याच्या आत कधी आला नव्हता.

लग्न आठ दिवसांवर आलं आणि आप्पांनी एका संध्याकाळी सगळ्यांची कामं वाटून दिली. कोण पंगतीत वाढणार, कोण वऱ्हाडाला आणायला जाणार. शेवटी म्हणाले, "कानपिळीला सुहास उभा राहील." सुहास म्हणजे माझा मामेभाऊ, बँकेतला. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. नवऱ्याचा कान पिळायचा तो नवरीच्या भावानं. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, एवढंच त्यातून सांगायचं असतं. मी म्हटलं, "दादा असताना सुहास का?" आप्पांनी दादाच्या हातांकडे नुसतं बघितलं. नखांच्या कडांत, अंगठ्याच्या रेघांत ती काळी शाई कायमची. रॉकेल झालं, कपडे धुण्याची पावडर झाली, लिंबाची साल झाली, ती जायची नाही. "चार लोकांत दिसतं ते," आप्पा म्हणाले. दादा म्हणाला, "बरोबर आहे." त्याच्या त्या बरोबर आहे म्हणण्याचा मला आप्पांपेक्षा जास्त राग आला. त्या रात्री मी जेवले नाही. आई उष्टी काढताना म्हणाली, तू गप बस, लग्न मोडायचंय का? मी गप्प बसले. पण दादा माझ्या लग्नात कोपऱ्यात उभा राहणार असेल तर मला ते लग्नच नको, असं मनात चारदा तरी आलं.

चुडा भरायच्या दिवशी आईनं हट्ट धरला की तिच्या लग्नात जिनं हात भरले त्याच मथुरामावशीनं माझेही भरायचे. मावशी जातीची कासारीण, वय झालेलं, गुडघे गेलेले, गव्हाणला लेकीकडे राहायला गेलेली. एस.टी.च्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. मग दादा आपली मोटरसायकल घेऊन सकाळीच निघाला. ती गाडी त्यानं भंगारातून उचलून स्वतः उभी केली होती. आप्पा तिच्यावर कधी बसले नव्हते.

घर बायकांनी भरलं होतं. वराकडून त्याच्या आत्याबाई शालू घेऊन आल्या होत्या, खुर्चीवर ताठ बसलेल्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. ओल्या हळदीचा, नारळ खवल्याचा, नव्या कापडाचा वास. माझे हात मोकळे, काढलेल्या बांगड्यांच्या खुणा मनगटावर पांढऱ्या. बारा वाजले तरी दादाचा पत्ता नाही. तेवढ्यात मागच्या दाराशी भाजीवाली जनाबाय आली. पाटी उतरवायच्या आधीच तिनं मोठ्यानं निरोप दिला.

"ओ आक्का, तुमचा पोऱ्या आन ती कासारीण हायवेला बसलीत. चुडी गेली सांगलाय त्यानी. येल लागंल, तुमी वाट बघू नका."

आई हातातली वाटी घेऊन तशीच उभी राहिली. आपल्याकडे बांगडी फुटली असं कुणी तोंडानंसुद्धा म्हणत नाही, वाढवली म्हणतात. आणि इथं, चुड्याच्या दिवशी, नवरीचा चुडा यायच्या वाटेवर, चुडी गेली. माझ्या काकूनं पदर तोंडाला लावला. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "गाडीवरून पडले की काय?" हे ऐकल्यावर आई वाटीसकट खाली बसली.

मला कळलं होतं. जनाबायचं वाक्य संपायच्या आत कळलं होतं. अहो, बांगड्या नव्हेत, स्टडचे आटे गेलेत, दादा गॅरेजवर बसून ते नीट करतोय. एवढं म्हटलं असतं तर आईच्या जिवात जीव आला असता. पण लगेच आत्याबाईंनी विचारलं असतं, तुला गं कसं ठाऊक? आणि मुंबईची कंपनी तिथंच बुडाली असती. निरोप ऐकून ओटीवरून आत आलेल्या आप्पांकडे मी बघितलं. त्यांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. त्यांचा चेहरा इतका पांढरा मी नंतर एकदाच बघितला, आई गेली तेव्हा. मी तोंड उघडलं नाही. लग्न वाचवायला उघडलं नाही, हे मला आजही लागतं. आप्पा पायात चपला सरकवून धावत निघाले. एक त्यांची होती आणि एक माझी.

पुढचं मला मथुरामावशीनं सांगितलं, माझे हात भरता भरता. आप्पा हायवेनं शोधत शोधत गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. मावशी उस्तादांच्या स्टुलावर बसली होती, बांगड्यांची पेटी मांडीवर, हातात चहा. दादा गुडघ्यांवर वाकलेला. आप्पांनी त्याला खालवर न्याहाळलं. शेवटी म्हणाले, "कुठं लागलंय?" दादा दचकून उठला. इतक्या वर्षांत वडील तिथं पहिल्यांदा आलेले. उस्तादांनी घाईनं सांगितलं, "कुछ नहीं, साहेब. चुडी गई है. हे बघा." आणि त्यांनी करंगळीएवढा लोखंडाचा तुकडा आप्पांच्या तळहातावर ठेवला. आट्यांत अडकलेला ॲल्युमिनियमचा चुरा चमकत होता. आप्पा त्याकडे बघत बसले. "ही चुडी?" त्यांनी विचारलं. "होय," दादा म्हणाला. मग आप्पा तिथं उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसले आणि हसू लागले. मावशी म्हणाली, "हसता हसता डोळे पुसत होते गं. मी दुसरीकडं बघितलं."

उस्तादांनी हेडातल्या भोकात एक नंबर मोठा आटा पाडला होता. आता त्यात जाड स्टड बसवायचा आणि पाइप चढवायचा राहिला होता. पाइप कुणीतरी सरळ धरावा लागतो. उस्ताद धरायला वाकले, तर दादा म्हणाला, का म्हणाला त्यालाही माहीत नाही, "आप्पा, जरा धरता?" आप्पांनी धरला. बाह्या न सारताच. दादानं नट बोटांनी चढवले, मग पान्यानं एकदा वरचा थोडा, एकदा खालचा थोडा, कान लावून, घाई न करता. आप्पा त्याच्या हातांकडे बघत होते. मावशी म्हणाली, "बाई, मी पन्नास वर्षं हात भरले. असा हलका हात लवकर येत नाही. मी तुझ्या बापाला तसं म्हटलं."

आले तेव्हा पुढं टांग्यात मावशी पेटी धरून, आणि मागं टांग्याच्याच चालीनं मोटरसायकल. मागच्या सीटवर आप्पा. गाडीचा आवाज अगदी मऊ झाला होता. आई दारात रडत उभी होती, मावशीला बघितल्यावर जास्तच रडली. आत्याबाई खुर्चीवरून उठल्या. आप्पांचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे, पांढऱ्या शर्टावर पंजा उठलेला.

"हे हो काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"मुलाला मदत करत होतो," आप्पा म्हणाले. जरा थांबले. "आमचा थोरला मेकॅनिक आहे. मुंबईच्या कंपनीत नाही. ते मी खोटं सांगितलं होतं."

एवढ्या बायकांत कुणाची बांगडीसुद्धा वाजली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "हे साखरपुड्याआधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हवं होतं."

आत्याबाई मागच्या अंगणात गेल्या. दादा तिथं मोरीपाशी रॉकेलनं हात घासत होता. त्या दाराशी उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. परत आल्या आणि आईला म्हणाल्या, "खोटं यांचं आहे, पोराचं नाही. त्याला आधी चहा द्या, सकाळपासून उपाशी दिसतोय." आणि माझ्या मांडीवर शालू ठेवून खुर्चीत बसल्या. मथुरामावशीनं माझा उजवा हात ओढून घेतला. हिरव्या बांगड्या एकामागून एक चढत गेल्या, आणि तो किणकिणाट मी एवढ्या प्रेमानं पुन्हा कधी ऐकला नाही. हात भरून झाल्यावर कासारणीच्या पाया पडतात. मी पडले, आणि मला मागं न बघताच कळलं की आप्पाही वाकले होते.

लग्नात भटजींनी नवरीचा भाऊ म्हणून हाक मारली तेव्हा सुहास उठलाच नाही. आप्पांनी त्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. दादा मात्र मांडवाच्या टोकाला खांबाआड उभा. आप्पा स्वतः गेले आणि त्याला दंडाला धरून पुढं घेऊन आले. त्या सकाळीसुद्धा त्यानं गार झालेल्या गाडीचे नट तपासले होते. सवय ती सवय. मग घाईनं हात धुतलेले, घाम सुटलेला. त्यानं माझ्या नवऱ्याचा कान चिमटीत धरला. पिळला कसला, नुसता धरला. आमचे हे अजून चिडवतात, तुझा भाऊ माझा कान बोटांनी चढवत होता, पाना लावायला विसरला.

उलव्याला दादाच्या इमारतीला लिफ्ट आहे, खिडकीतून विमानतळाचे दिवे दिसतात. दारात त्यानं माझ्या हातातला डबा घेतला. त्याची नखं आता स्वच्छ आहेत. उस्तादांमागे त्यानं चालवलेलं गॅरेज सुटून बारा वर्षं झाली, रेघांतलं काळं हळूहळू निघून गेलं. मला ते स्वच्छ हात अजून ओळखीचे वाटत नाहीत. आप्पा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या खोलीतला माझ्या लग्नाचा मोठा फोटो दादानं आपल्या हॉलमध्ये लावलाय. कानपिळीचाच. ह्यांच्या कानाच्या पाळीवर काळा ठसा आहे.

लाडू खाता खाता दादा फोटोकडे बघून म्हणाला, "त्या दिवशी हात नीट धुवायला हवे होते गं. एवढा चांगला फोटो, मी घाण केला." हे तो दरवेळी म्हणतो. मी दरवेळी विषय बदलते. आप्पांनी मला बजावलं होतं, त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. पण आज सांगितलं.

दिवाळसणाला मी माहेरी आले तेव्हा आप्पा आणि मी तो फोटो आणायला तळ्याजवळच्या स्टुडिओत गेलो होतो. फोटोग्राफरनं कागद उलगडून अभिमानानं दाखवला. ह्यांचा कान लख्ख. "काळं लागलं होतं कानाला," तो म्हणाला, "टचिंग करून काढलं. कळतसुद्धा नाही." आप्पांनी चष्मा लावला, फोटो दाराशी उजेडात नेला, परत आणून काउंटरवर ठेवला. म्हणाले, "हा नको. निगेटिव्हवरून दुसरा काढा, जसा होता तसा."

"अहो, डाग तसाच ठेवू?"

"डाग नाही तो," आप्पा म्हणाले. "माझ्या मुलाचा अंगठा आहे."

दादा उठला, खुर्ची भिंतीशी ओढून तिच्यावर चढला, आणि फोटोला हात लावायच्या आधी त्यानं दोन्ही हात पँटला पुसले.